महादेवाचा धोतरा, फवारणीचा उतारा

महाशिवरात्रीला वाशीमच्या पद्मतीर्थावरील महादेवाला बेलाबरोबर धोतऱ्याचे काटेरी फळ वाहिले जाते. एरवी बांधावर, उकिरड्यावर उगवणाऱ्या या झाडाकडे कुणी बघत नाही. गांजा, अफूवर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने बंधने आली. धोतरा त्या कायद्यात नाही. औषध नियमांत मात्र त्याची नोंद विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आहे, आणि ती योग्यच आहे.

धोतऱ्याची नशा गमतीची नसते. तोंड कोरडे पडते, अंग तापते, बाहुल्या विस्फारतात. माणूस समोर नसलेल्यांशी बोलतो, हवेतले काहीतरी वेचत राहतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला फारसे आठवत नाही. बियांतील अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलीन या मज्जासंदेशवाहकाची वाट अडवतात. त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. त्यामुळे ‘एवढ्या बिया चालतात’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हीच अडवणूक फवारणीच्या दिवसांत जीव वाचवते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांमुळे शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन साचते. लाळ, घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरून श्वास कोंडतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा विषबाधेत डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात आणि छाती मोकळी होईपर्यंत दर काही मिनिटांनी मात्रा वाढवत नेतात. मात्रा जास्त झाली, तर रुग्ण बडबडू लागतो, चादर ओढू लागतो. म्हणजे त्याला धोतराच चढलेला असतो! सगळ्याच कीटकनाशकांवर मात्र हा उतारा लागू पडत नाही.

दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर घेण्याची जुनी रीत होती. आज इनहेलरमधले इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपिनपासूनच घडवलेले औषध आहे. प्रवासातली मळमळ थांबवायला स्कोपोलामिनची पट्टी कानामागे लावतात. नैराश्यावरही स्कोपोलामिनचे प्रयोग झाले. २००६ मधल्या अमेरिकेतील छोट्या अभ्यासात काही दिवसांतच फरक दिसला, पण नंतरच्या सगळ्या चाचण्यांत तसा दिसला नाही.

फवारणी करताना चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे सुरू झाले, तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. घरी धोतऱ्याचा रस देऊ नये. कीटकनाशकाचा डबा लेबलसह सोबत न्यावा. पुढचा उपचार त्यावरच्या नावाने ठरतो.