गाडीवरची थैली घरीच शिवा, पण नीट बांधा!

आमच्या नाचणगावाहून वर्धा सुमारे ३० किलोमीटर. दवाखाना, कचेरी, मुलांचे प्रवेश, सगळ्या कामांना तिकडे धावावे लागते. त्यामुळे हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल आज पुष्कळ घरांत आहे. गाडी आली, पण सामानाचे काय? कापडी पिशवी हँडलला अडकवायची आणि निघायचे!

आम्हीही तेच करीत होतो. मुलीच्या वसतिगृहाच्या प्रवेशासाठी निघालो, तेव्हा कागदपत्रांची पिशवी हँडललाच होती. वळणावर तिचा बंद पुढच्या चाकात गुंतला आणि आम्ही बापलेक रस्त्यावर आलो. आमचा गुडघा फुटला, मुलीच्या मनगटाला प्लास्टर लागले, गुणपत्रिका चिखलात भिजल्या. नशिबाला बोल लावून उपयोग नव्हता. चूक आमची होती.

दुकानातल्या तयार बॅगांची किंमत ऐकून परत फिरलो. मग आठवली ती जुन्या माणसांची पडशी! खांद्यावर टाकली की पुढे-मागे सारखे ओझे. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणारे फौजी मोटारसायकलस्वारही मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या थैल्या लावत. तीच युक्ती आम्ही घरी केली.

कापड म्हणून जुनी ताडपत्री, जीन पँट किंवा कार्यक्रमानंतर उरलेले फ्लेक्स चालते. मात्र बाबासाहेबांची प्रतिमा वा नाव असलेला भाग घेऊ नये. पायाशी येणाऱ्या वस्तूवर तो शोभत नाही. फवारणीच्या औषधाची पोती तर धुऊनसुद्धा वापरू नयेत.

प्रत्येकी १६ इंच लांब, १२ इंच उंच आणि ६ इंच रुंद अशा दोन थैल्या शिवाव्यात. तळाशी जाड पुठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घालावा. खाटेच्या नवारीच्या दोन पट्ट्यांनी थैल्या जोडाव्यात. पट्टीची लांबी गाडीच्या सीटवर टाकूनच मोजावी. जोडाच्या जागी चौकोन शिवून आत फुली मारावी, म्हणजे ओझ्याने टाके उसवत नाहीत. दोरा नायलॉनचा घ्यावा, कारण सुती दोरा पावसात कुजतो. फ्लेक्सवर टाके लांब घालावेत. जवळजवळ घातले तर तिकिटासारखे तेवढेच फाटते. शिवण वस्तीतल्या एखाद्या भगिनीकडून करून घेतली तर तिला मजुरी अवश्य द्यावी.

आता मुख्य गोष्ट बांधण्याची. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी थैल्या गाडीला घट्ट आवळाव्यात. एकही टोक लोंबता कामा नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे गुंतू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे लागते. त्या जाळीबाहेरच थैली राहावी. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो. तिकडे वेल्डिंगवाल्याकडून सळईची छोटी चौकट बसवून घ्यावी, नाहीतर फ्लेक्स वितळून पेट घेईल. मागचा दिवा, इंडिकेटर व नंबर प्लेट झाकू नये. मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा हवी.

दोन्ही बाजूंना वजन सारखे ठेवावे. जड वस्तू तळाशी, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत वर. पहिल्यांदा पाण्याच्या बाटल्या भरून गावातच एक फेरी मारावी, उतरून सगळे बंद तपासावेत. आणि हेल्मेट दोघांनीही घालावे.

मुलगी आज वसतिगृहात शिकते. तिला पोहोचवायला गेलो ते याच थैल्या लावून. पुढच्या वेळी दीक्षाभूमीवर जाल, तेव्हा नागपूरहून पुस्तकांचे ओझे आणालच. ते निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे भरा आणि सुखरूप घरी या.

जयभीम!