आजार एकाचा, ताण दोघांचा

नया नगरातून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं म्हणजे मीरा रोडहून लोकल, दादरला गाडी बदलणं आणि केमोचा दिवस असेल तर घरी यायला रात्र. सोबत बहुतेक वेळा नवरा किंवा बायकोच असते. सगळे रुग्णाची विचारपूस करतात, सोबत आलेल्या माणसाची सहसा कोणी करत नाही. जोडप्यांसाठीच्या ऑनलाइन आधाराची गरज इथेच आहे, पण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

गैरसमज : समुपदेशन रुग्णाला हवं, जोडीदाराला कशाला?

वस्तुस्थिती : दोघांचा ताण एकमेकांत गुंतलेला असतो. स्विस मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांनी १९९०च्या दशकापासून नेमकं हेच मांडलं, की जोडपं संकटाला एकत्र तोंड देतं. कॅनडात ‘कपललिंक्स’ हा ऑनलाइन कार्यक्रम स्तनाचा कॅन्सर झालेल्या तरुण स्त्रिया आणि त्यांच्या जोडीदारांसाठी तयार झाला. त्यात दोघांनी मिळून करायचे पाठ असतात आणि तज्ज्ञ मदतीला असतो.

गैरसमज : कॅन्सर झाला की संसार मोडतो.

वस्तुस्थिती : २००९ साली अमेरिकेत ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विभक्त होण्याचं एकूण प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा वेगळं नव्हतं. मात्र रुग्ण बायको असेल तर ते २०.८ टक्के होतं आणि रुग्ण नवरा असेल तर २.९ टक्के. हा आकडा मनाला लागतो. अमेरिकेचं गणित आपल्याकडे जसंच्या तसं लागू होणार नाही, पण आजारी बाईला एकटं पडण्याचा धोका जास्त, एवढं तरी त्यातून ओळखायला हवं.

गैरसमज : कॅन्सर लागतो, म्हणून ताट-वाटी आणि अंथरूण वेगळं ठेवावं.

वस्तुस्थिती : कॅन्सर संसर्गजन्य नाही. शेजारी झोपायला, मिठी मारायला हरकत नसते. बाहेरून यंत्राने दिलेल्या रेडिएशननंतरही रुग्णापासून घरच्यांना धोका नसतो. किरणोत्सर्गी आयोडीनसारख्या उपचारात मात्र काही दिवस अंतर पाळावं लागतं. केमो चालू असताना गर्भधारणा टाळायची असते, संबंधांच्या वेळी निरोध वापरायचा असतो. हे डॉक्टरांना तोंडावर विचारायला दोघंही लाजतात. फोनवरच्या समुपदेशकाला विचारणं त्यातल्या त्यात सोपं जातं.

गैरसमज : ऑनलाइन म्हणजे लॅपटॉप, इंग्रजी आणि पैसे.

वस्तुस्थिती : साधा फोन पुरतो. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठी-हिंदीतही बोलता येतं. ती खास कॅन्सरसाठी नाही, पण झोप उडालेल्या, रडू आवरत नसलेल्या जोडीदारासाठी नक्कीच आहे.

अडचण वेगळीच असते : दोन खोल्यांचं घर, अभ्यासाला बसलेली मुलं, आतल्या खोलीत सासूबाई. बोलायचं कुठे? गच्चीवर जाऊन, मुलं शाळेत गेल्यावर, किंवा सरळ लिहून. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याला धड बोलता येत नाही आणि जो रागाने मिक्सरमधली पातळ खिचडी बाजूला सारतो, त्या नवऱ्यालाही मोबाइलवर चार ओळी लिहिता येतात. बायकोला त्या वाचता येतात.

गैरसमज : हा आधार घेतला की आजार बरा होतो.

वस्तुस्थिती : नाही. केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया यांची जागा तो घेत नाही. ‘औषधं बंद करा’ असं सांगणारा कोणताही ग्रुप त्याच दिवशी सोडावा. समुपदेशकाला आधी तीन गोष्टी विचाराव्यात : तुमचं शिक्षण काय, आमचं बोलणं कुणाला कळेल, आणि आम्ही दोघं एकत्र तसंच वेगवेगळंही बोलू शकतो का.