कोळशाचा गॅस: धूर गेला, मग उरलं काय?

वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीकडे जायचं तर पुणे-नगर रस्ता कोरेगाव भीमाला सोडावा लागतो. तो न सोडता पुढे गेलं की सणसवाडी, शिक्रापूर आणि मग रांजणगावची एमआयडीसी. जिथे लोखंड तापवायचं असतं तिथे इंधनाचा दर हा चहाच्या टपरीवरचाही विषय असतो. फर्नेस ऑइल महागलं की कोणीतरी हमखास सुचवतं, ‘कोळशाचा गॅस करा की!’ या गॅसबद्दल बोलणारे पुष्कळ आणि माहिती बेताची. प्लांट विकणारा म्हणतो, धूरच नाही. विरोध करणारा म्हणतो, हा बॉम्ब आहे. दोघांचंही पूर्ण खरं नाही.

‘कोळशाचा धूर साठवतात, तोच गॅस’

धूर आपोआप होतो, गॅस मुद्दाम करावा लागतो. गॅसिफायर म्हणजे एक उभा पोलादी दंडगोल. बाहेरून पाण्याचं जॅकेट, वर कोळशाचा हॉपर, खाली हवा देणारा ब्लोअर. हवा कोरडी जात नाही, वाफेत भिजून जाते. तळाशी राखेचा थर असतो. त्याच्या लगेच वरचा कोळसा खरोखर जळतो, तिथलं तापमान हजार अंशांच्या वर जातं आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच संपतो. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर चढताना लालबुंद कोळशातून जातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. वाफेपासून हायड्रोजन आणि आणखी थोडा मोनॉक्साइड मिळतो. त्याच्याही वर, ताज्या कोळशातून डांबर आणि थोडा मिथेन सुटतो. राख खाली पाण्याने भरलेल्या फिरत्या परातीत उतरते. ते पाणी गॅसला बाहेर पडू न देणारं सीलही असतं.

यात वाफेचं काम दुहेरी आहे. ती गॅस वाढवते आणि आगीला आवरते. आवरलं नाही तर राख वितळून तिचा दगड होतो, त्याला सगळे क्लिंकर म्हणतात. मुरलेला ऑपरेटर हे मीटरच्या आधी सळईवर ओळखतो. माथ्यावरच्या पोक होलमधून लांब सळई पार तळापर्यंत घालायची, काही मिनिटं ठेवायची आणि झटक्यात बाहेर ओढायची. खालचा काळा भाग म्हणजे राख, त्यावरचा लाल तुकडा म्हणजे आग. लाल पट्टा वर सरकला असेल तर राख काढायला उशीर झालाय. सळई मध्येच अडली तर क्लिंकर धरलाय. एवढ्या निदानाला प्रयोगशाळा लागत नाही.

‘हे नवं तंत्रज्ञान आहे’

अजिबात नाही. माझगावच्या गोदीतले अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी 1834 मध्ये आपलं घर गॅसच्या दिव्यांनी उजळलं, तेव्हा ते बघायला मुंबईचे गव्हर्नर गेले होते. हेच वाडिया पुढे 1841 मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. ऑक्टोबर 1865 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि बॉम्बे गॅस कंपनीची आठवण लालबागच्या गॅस कंपनी लेनने जपली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं, तेव्हा आपल्याकडच्या बसगाड्यांनाही लोणारी कोळशावर चालणारे गॅसप्लांट जोडले गेले. तेव्हा कोणी ‘अत्याधुनिक’ म्हणून विकायला आला, तर त्यातलं नेमकं नवीन काय, हे आधी विचारावं.

‘एलपीजीसारखाच, सिलिंडरमध्ये भरता येईल’

घरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड लाखाच्या वर किलोकॅलरी उष्णता असते. हवा वापरून केलेल्या कोळशाच्या गॅसमध्ये, म्हणजे प्रोड्युसर गॅसमध्ये, जवळजवळ निम्मा नायट्रोजन असतो आणि तो जळत नाही. पाव हिस्सा किंवा थोडा जास्त कार्बन मोनॉक्साइड, दहा-पंधरा टक्के हायड्रोजन, बाकी किरकोळ. अशा एका घनमीटरमधून 1,200 ते 1,300 किलोकॅलरीच मिळतात. म्हणजे एका सिलिंडरइतकी उष्णता हवी तर सव्वाशे घनमीटर गॅस लागेल. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या जवळजवळ चार खोल्या भरतील एवढा! शिवाय साध्या दाबाला कार्बन मोनॉक्साइड द्रवरूप व्हायला उणे 190 अंशांच्याही खाली जावं लागतं. एलपीजी थोड्याशा दाबाने द्रव होतो, म्हणून तो घरोघरी पोहोचला. हा गॅस जिथे करायचा तिथेच जाळायचा असतो, तोही रुंद आणि आखूड पाइपातून. नैसर्गिक वायूच्या मानाने त्याची ताकद सातवा हिस्सा, म्हणून बर्नरही वेगळा लागतो. जुन्याच बर्नरवर गॅस सोडून ‘भट्टी तापत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

‘मग मुंबईत तो घरोघरी नळाने कसा यायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. तो वेगळा गॅस होता. बंद भांड्यात हवा न देता कोळसा बाहेरून तापवायचा, त्यातून निघतं ते घ्यायचं आणि मागे कोक उरतो. त्यात निम्मा हायड्रोजन आणि भरपूर मिथेन असायचा, ताकद प्रोड्युसर गॅसच्या तिप्पट-चौपट. नाव एकच असल्यामुळे दोन्हींची गल्लत होते.

‘कुठलाही कोळसा चालतो’

चालत नाही. चुरी घातली तर हवा वर चढत नाही, म्हणून साधारण 25 ते 50 मिलिमीटरचे तुकडे लागतात. तापल्यावर फुगून एकमेकांना चिकटणारा कोळसाही नको. आपल्या कोळशात राख 35-40 टक्के सहज असते, हे परदेशी यंत्र आणणारे विसरतात. तालचेर आणि रामगुंडमला कोळशाच्या गॅसपासून युरिया करणारे सरकारी कारखाने 1980 मध्ये सुरू झाले आणि 1999 मध्ये बंद पडले. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरणाऱ्या मोठ्या प्रकल्पांचा विषय आता पुन्हा वर आलाय. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटींची योजना मंजूर केली, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या प्रकल्पांचीही त्यात निवड झाली आहे. त्यांचं गणित वेगळं. कारखान्याच्या मागच्या अंगणातल्या गॅसिफायरला भद्रावतीचा दाखला देऊ नये.

‘धुराडं स्वच्छ, म्हणजे प्रदूषण नाही’

सगळ्यात महाग पडलेला समज हाच. गॅसची ज्योत स्वच्छ असते हे खरं आहे. मालावर राख बसत नाही, भट्टीचं तापमान हवं तिथे धरता येतं, आणि याचसाठी कारखानदार हा खटाटोप करतात. पण कोळशातलं डांबर कुठे जातं? गॅस गरमच वापरला तर ते बरंचसं भट्टीत जळतं. गॅस थंड करून पाइपात सोडायचा तर डांबर निवडून काढावं लागतं, आणि धुण्याच्या पाण्यात फिनॉल, अमोनिया, सायनाइड उतरतं. ते पाणी पिवळट-काळं, उग्र वासाचं असतं. ओढ्यात सोडलं तर विहिरी जातात.

गुजरातमधल्या मोरबीत हेच झालं. तिथल्या टाइल्सच्या शेकडो कारखान्यांनी स्वस्त पडतं म्हणून कोळशाचे गॅसिफायर बसवले. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते सगळे बंद करायला लावले आणि कारखाने नळाच्या नैसर्गिक वायूवर गेले. माझ्या मते दोष यंत्राचा कमी आणि हिशेबाचा जास्त होता. डांबर आणि पाणी यांच्या विल्हेवाटीचा खर्च धरायचाच नाही, असं ठरवलं की कोळशाचा गॅस नेहमीच स्वस्त दिसतो. शिरूर तालुक्यात तर सबबही उरत नाही, घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट लावण्याची सोय रांजणगावच्या एमआयडीसीतच आहे. कोणी गॅसिफायर लावत असेल तर ग्रामस्थांनी धुराड्याकडे बघत बसू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात डांबर किती, पाणी किती आणि ते कोणाकडे जाणार, हे वाचावं.

कार्बन डायऑक्साइडबद्दलही तेच. कोळशातला कार्बन गॅसमधून भट्टीत जातो आणि तिथे जळून शेवटी हवेतच मिसळतो. राखेत आणि डांबरात अडकला तेवढाच काय तो वाचतो.

‘गळती झाली तर वास येईल’

एलपीजीला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचुर नाही. डांबराचा वास असलेला गॅस निदान चाहूल देतो. धुऊन स्वच्छ केलेला गॅस तेवढीही देत नाही, म्हणजे जितका चांगला साफ केलेला तितका फसवा. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय जड होतात. माणसाला वाटतं ऊन लागलं.

स्फोटाची भीती खोटी नाही, पण ती मुख्यतः गॅसमध्ये हवा शिरली तर. म्हणून सुरू करताना पाइप आधी वाफेने धुऊन काढतात. रोज घात करणारा धोका मात्र मोनॉक्साइडचाच, आणि त्यावर इलाज फार महाग नाही. पोक होलच्या मजल्यावर अलार्म, अंगावर लावायचा मीटर, आणि तिथे एकट्याने चढायचं नाही.

सहकारी कोसळलेला दिसला तर तसंच धावत आत शिरू नका, वाचवायला गेलेलेच पुढे पडतात. श्वासाचं उपकरण लावून त्याला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. आणि डॉक्टरांना ‘कार्बन मोनॉक्साइड लागलाय’ असं स्पष्ट सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर मोनॉक्साइडला ऑक्सिजन समजतो, आणि गुदमरलेल्या माणसाचाही आकडा 98 दाखवू शकतो.