हाताला उंदराचा वास

कात टाकण्याबद्दल या रविवारी लिहीन म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी. नाशिकच्या एका आजींचं चार पानी पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये.

आजींचा नातू न्यू जर्सीत शिकतो. त्याच्याकडे कॉर्न स्नेक आहे. अमेरिकेत साप पाळायचा म्हटलं की बरेच जण याच्यापासूनच सुरुवात करतात. बिनविषारी, हाताळायला सोपा, खाण्याचे नखरे कमी. दोन वर्षं खांद्यावर खेळणारा हा साप परवा नातवाच्या अंगठ्याला चावला, आणि चावून सोडेना. वर मनगटाला वेटोळं घातलं. आजी विचारतात, ‘त्यानं डूख धरला असेल का? आणि नातवाचा मित्र म्हणतो तसं त्याला वेगळ्या डब्यात काढून खायला घालावं का?’

आजी, डूखबिख काही नाही. तुम्ही लिहिलेलं ते ‘सोडेना’ मात्र फार कामाचं आहे. घाबरलेला साप मानेचा आकडा करतो, फुत्कारतो, झेपावतो, तोंड मारतो आणि लगेच मागे होतो. त्याला तुम्ही लांब जायला हवे असता. सोडत नाही, विळखा घालतो, आवळतो, तो साप जेवायला बसलेला असतो. नातवाचा अंगठा हे त्या दिवशीचं जेवण होतं. (अशा वेळी हात ओढू नये. दात आत वळलेले असतात, ओढलं की जखम मोठी होते. सापाच्या तोंडावर गार पाण्याची धार सोडावी, तो आपणहून सोडतो.)

पण अंगठा जेवण कसा झाला? त्याचं उत्तर तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, तुम्ही सहज लिहून गेलात. खोलीतल्या दुसऱ्या मुलाचा हॅमस्टर आहे, आणि त्याचा पिंजरा झाडून झाल्यावर नातवानं सापाला उचललं. हॅमस्टर म्हणजे उंदराचाच भाऊबंद. सापाच्या जिभेनं हाताची चौकशी केली आणि टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसनच्या इंद्रियानं निर्णय दिला: उंदीर.

हा निर्णय किती पक्का असतो याचा माझा सगळ्यात लाडका पुरावा प्राणिवर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांचा, १९६०च्या दशकातला. गार्टर स्नेक आपल्या घोणशीसारखे पिल्लंच घालतात. बर्गहार्टनी जन्मून काही खाल्लंही नाही अशी पिल्लं घेतली. गांडुळाच्या अर्कात बुडवलेला कापसाचा बोळा त्यांच्यापुढे धरला, तर पिल्लांनी जीभ भराभर लवलवली आणि बोळ्यावर झडप घातली. ना गांडुळाचा आकार, ना वळवळ. साध्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९७०च्या दशकात स्टीव्हन आर्नल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या एका गार्टर जातीची पिल्लं घेतली, काही किनाऱ्यावरच्या माद्यांची, काही आतल्या डोंगराळ भागातल्या. किनाऱ्यावर बिनशंखाच्या गोगलगायी मुबलक, आत त्या नाहीत. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, आईनं काहीही न शिकवलेल्या पिल्लांपैकी किनाऱ्याकडच्या बहुतेकांनी गोगलगाय गट्ट केली, आतल्या बहुतेकांनी तोंड फिरवलं. म्हणजे जेवणाचा वास कुठला, हे पिल्लू बरंचसं जन्मतःच घेऊन येतं. अशा प्राण्यापुढे उंदराचा वास असलेला हात न्यायचा आणि त्यानं तो माणसाचा म्हणून ओळखावा ही अपेक्षा ठेवायची, हे काही खरं नाही.

आता डबा. पाळणाऱ्यांत या डब्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत आणि मी डबाविरोधी पक्षाचा. डबावाल्यांचं म्हणणं असं की त्याच्या राहत्या पेटीतच खायला घातलं तर झाकण उघडलं की जेवण, असं समीकरण सापाच्या डोक्यात बसतं. बसतं, हे खरंच आहे. पण कुणाच्या घरी? जिथं झाकण फक्त जेवणासाठीच उघडतं त्यांच्या घरी. रोज पाणी बदला, विष्ठा काढा, कधी नुसताच हात आत फिरवून बाहेर काढा. दहातल्या नऊ वेळा काही मिळालं नाही की समीकरण आपोआप सैल होतं. उचलण्याआधी लोखंडी आकडीनं किंवा कागदाच्या सुरळीनं पाठीला हलकेच स्पर्श करायचा. तो झाला की आज जेवण नाही, हे साप थोड्या दिवसांत शिकतो. उंदीर द्यायचा तो लांब चिमट्यानं.

आणि डब्यातली खरी गोम जेवणानंतर आहे. नुकताच उंदीर गिळलेला, अजून वास हुंगत दुसरा शोधणारा साप हातानं उचलून परत पेटीत ठेवायचा! चावून घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. शिवाय पोट भरलेला साप हलवला की तो खाल्लेलं उलटून टाकतो, आणि मग त्याला दहा-पंधरा दिवस उपाशी ठेवून सावरू द्यावं लागतं. बॉल पायथनसारखा लाजरा अजगर असेल तर डब्यात तो खातच नाही.

जेवणानंतर किमान ४८ तास हात लावू नये म्हणतात ते उगाच नाही. बर्मी अजगरावरचं २००५ सालचं संशोधन सांगतं की मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. आतडीही फुगतात. एवढा कारखाना आत चालू असताना बाहेरून कुणी खेळायला आलेलं त्याला नकोच असतं. कॉर्न स्नेकची यंत्रणा इतकी टोकाची नाही, पण ऊब आणि निवांतपणा त्यालाही लागतो.

नातवाला एवढंच कळवा: साबणानं हात धुवून मगच सापाकडे जा, आणि हॅमस्टरचा पिंजरा ज्याचा त्याला झाडू दे.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की शिक्षण संपल्यावर त्याला साप नाशिकला आणता येईल का. आयात परवान्याशिवाय नाही. मुंबई विमानतळावर सामानात दडवलेले कॉर्न स्नेक कस्टमवाल्यांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यात नातवाची भर नको. आणि त्याऐवजी इथली धामण पाळू असा विचार मनात आला, तर १९७२चा वन्यजीव कायदा त्यालाही आडवा येतो. सापाला तिथंच एखादं चांगलं घर बघून द्यावं.

कात पुढच्या रविवारी, नक्की. पुण्याहून दोघांनी विचारलंय की कात टाकायच्या आधी साप खायचं का सोडतो. तेही तेव्हाच घेऊ.