स्वरसाधना आणि हातांची जपणूक

आपल्या समाजातील अनेक घरांत आता गिटारने सहज प्रवेश केला आहे. भक्तिसंध्येत स्तवनांना पेटी-तबल्याच्या जोडीने गिटारची साथ असते. मुले ते शिकतात, आणि मुलांच्या हाती दुकान सोपवून थोडी उसंत मिळालेले पन्नाशी-साठीचे गृहस्थही हौसेने ते हाती घेतात. मात्र काही आठवड्यांतच बोटांचे सांधे, अंगठ्याचे मूळ किंवा मनगट दुखू लागले, की या हौसेचे दोन शेवट संभवतात. कोणी वाद्य कायमचे कोपऱ्यात ठेवून देतो, तर कोणी वेदनाशामक गोळी घेऊन वाजवत राहतो. पहिल्या वाटेने आनंद गमावतो, दुसऱ्या वाटेने हात. ज्या हातांवर दिवसभराचा व्यवहार चालतो, त्यांच्या बाबतीत यांपैकी एकही सौदा परवडणारा नाही.

दुखणे कोणते, हे आधी ओळखावे

सगळी दुखणी सारखी नसतात. शिकण्याच्या प्रारंभी डाव्या हाताच्या बोटांची टोके तारांनी दुखतात. हे त्वचेचे दुखणे आहे. तीन-चार आठवड्यांत तेथील कातडी घट्ट होते आणि ते आपोआप ओसरते. सांध्याचे, स्नायुबंधाचे किंवा नसेचे दुखणे मात्र सवयीने जात नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर दाब पडत असण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखणे हे तेथील स्नायुबंधाच्या आवरणाला सूज आल्याचे लक्षण असू शकते. बोट वाकवल्यावर अडकते आणि खटका बसून सरळ होते, तो विकार मधुमेहींमध्ये अधिक आढळतो. मधुमेहींनी आणखी एक पाहावे. नमस्कारासाठी तळहात जुळवताना बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांधे आखडू लागले आहेत असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा. सकाळी तासभर दोन्ही हातांची बोटे ताठ राहत असतील व सांधे सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी लांबणीवर टाकू नये.

थकबाकी दिवसभराची, नाव गिटारचे

व्यापारी माणसाचा हात रात्री गिटारकडे येतो तेव्हा तो ताजा नसतो. दिवसभर मोबाईलवर अंगठा चाललेला असतो, संगणकावर बिले झालेली असतात, नोटा मोजलेल्या असतात, कापडाचे तागे उलगडलेले असतात, सकाळ-संध्याकाळ शटर ओढलेले असते. ही सारी उचल त्याच स्नायूंच्या खात्यावर पडते. म्हणून दुकान बंद केल्यावर लगेच तासभर बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटे वाजवणे हिताचे. वाजवण्यापूर्वी हात कोमट पाण्यात बुडवून बोटे हलकेच उघडावीत, मिटावीत. पंधरा मिनिटांनंतर पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. सप्ताहभराची कसर रविवारी तीन तास बसून भरून काढणे, हे दुखण्याला आमंत्रणच आहे.

वाद्याचीही तपासणी हवी

अनेकदा दोष हाताचा नसून वाद्याचा असतो. तारा पडद्यांपासून फार उंच असतील, तर प्रत्येक स्वरासाठी अकारण जोर लावावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते आणि ही उंची आणखी वाढते. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून ती कमी करून घेता येते, आणि नवशिक्याचे निम्मे कष्ट तेथेच हलके होतात. पोलादी तारांच्या संचात सर्वांत बारीक तार अनेकदा इंचाच्या १२ हजारांश जाडीची असते. तिच्याऐवजी ११ किंवा १० हजारांशचा संच घेतल्यास ताण कमी होतो. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, तरी मूळ स्वर कायम राहून बोटांना आराम मिळतो.

सांधे नाजूक असलेल्यांना नायलॉनच्या तारांचे गिटार अधिक सोयीचे. या तारांचा इतिहास आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. पूर्वी अशा गिटारच्या तारा प्राण्यांच्या आतड्यांपासून होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा तुटवडा पडला, तेव्हा न्यूयॉर्कचे वाद्यनिर्माते अल्बर्ट ऑगस्टीन यांनी विख्यात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोविया यांच्या सहकार्याने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. हिंसा टळली आणि बोटांनाही मऊपणा लाभला. काही गिटारांत तारांखालील पट्ट्या अजूनही हाडाच्या असतात, म्हणून खरेदी करताना तेवढे विचारून घ्यावे.

वाजवण्यातील यत्नाचार

वस्तू उचलताना-ठेवतानाही सावध राहावे, ही शिकवण आपल्याला आदान-निक्षेपण समितीतून मिळाली आहे. तोच यत्नाचार तारेवर बोट ठेवतानाही पाळता येतो. बोट पडद्याच्या अगदी लगत ठेवले की अल्प दाबात स्वच्छ स्वर निघतो. हे पडताळण्यासाठी तारेवर बोट नुसते टेकवावे आणि स्वर स्पष्ट येईपर्यंत दाब हळूहळू वाढवावा. जेवढा लागला तेवढाच पुरेसा, त्याहून अधिक तो अपव्यय. मनगट शक्यतो सरळ असावे, खांदे सैल असावेत, अंगठ्याने वाद्याची मान आवळू नये. एका बोटाने सर्व तारा दाबण्याचे स्वरमेळ सांध्यांवर सर्वाधिक भार टाकतात. दुखत असताना ते वगळून सोपे स्वरमेळ घ्यावेत. वेदना सुरू झाली की थांबावे.

औषध घेताना

येथे आपल्या घरांना विशेष दक्षता हवी. सांध्यांसाठी विकले जाणारे ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे-कोळंबी यांच्या कवचांपासून काढतात. मक्यापासून केलेले शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळते. कोलॅजेन व कॉन्ड्रॉइटिन बहुतांशी प्राणिज असतात, आणि कॅप्सूलचे वेष्टण पुष्कळदा जिलेटिनचे असते. पूरक आहाराच्या डबीवर हिरवे चिन्ह पाहावे. औषध म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूलवर ते असेलच असे नाही, म्हणून विचारणे भाग आहे.

उपवासात रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतल्यास जठराला इजा होऊ शकते. चौविहार पाळणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे गोळीची वेळ दिवसा बसवता येते. हातापायांना मुंग्या येत असतील तर ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करावी. शाकाहारी कुटुंबांत त्याची उणीव पुष्कळदा आढळते आणि दोष मात्र वाद्याच्या माथी येतो.

वाट बदलता येते

फ्रान्समध्ये गाजलेले जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ मधील आगीत जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी नवी वादनशैली उभी केली. इंग्लंडचे टोनी आयोमी यांनी कारखान्यातील अपघातात दोन बोटांची टोके गमावली. त्यांनी बोटांसाठी स्वतः टोपणे बनवली, बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा खालच्या स्वरात उतरवल्या.

बोटांनी तार दाबणे ज्यांना शक्यच नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवे ठेवून तारांवरून धातूचा दांडा सरकवत राग वाजवीत. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे हे वादन ऐकता येते. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही याच रीतीची. या पद्धतीत पडद्यांवर तार दाबावी लागत नाही, त्यामुळे डाव्या हाताच्या लहान सांध्यांवरील भार पुष्कळ कमी होतो.

दोन आठवडे विश्रांती व ही पथ्ये पाळूनही दुखणे हटत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवावे आणि शक्य तर वाद्य सोबत न्यावे. आपण ते कसे धरतो हे प्रत्यक्ष पाहिले, की निदान सोपे होते.