सामाईक आज्ञावलीतील टिपांची शिस्त

संगणकाला काम सांगण्यासाठी जो मजकूर लिहितात त्याला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. या मजकुरात मधूनमधून काही ओळी अशा असतात की, त्या यंत्र सोडून देते. माणसाने त्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्यांना कॉमेंट म्हणतात. आपण टीप म्हणू. यंत्राला या टिपांचे सोयरसुतक नाही. मग एका आज्ञावलीवर दहा जण काम करीत असताना सर्वांनी टिपा एकाच पद्धतीने लिहाव्यात, हा आग्रह कशासाठी? कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला या प्रश्नात रस का, ते एका हिशेबावरून कळेल.

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन ठरवून दिले. पण दिवसाचे वेतन काढताना महिन्याच्या वेतनाला ३० ने नव्हे, २६ ने भागावयाचे. कारण साप्ताहिक सुट्या वगळल्या की कामाचे दिवस तेवढेच उरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली हा हिशेब मान्य केला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यात स्पष्ट लिहिला गेला. आता समजा, आज्ञावलीत नुसताच २६ हा आकडा आहे. नवा मुलगा येतो, महिना ३० दिवसांचा म्हणून तो आकडा ‘दुरुस्त’ करतो. यंत्र तक्रार करीत नाही. महिना २६,००० रुपये वेतनावर २० वर्षे राबलेल्या कामगाराचे ३,००,००० रुपये व्हावयाचे, ते २,६०,००० होतात. एका ओळीच्या टिपेअभावी ४०,००० रुपये गेले! जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यात केवळ हंगामापुरता राबणाऱ्याला त्याच कायद्याने दर हंगामास ७ दिवसांचे वेतन दिले. तो ७ चा आकडाही असाच मुका राहिला, तर अकोल्याकडच्या कामगाराने दाद कोणाकडे मागावी?

ही अडचण वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. चक्रधरांची वचने केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त संकलित केली. सूत्र आटोपशीर असते. ते कोणत्या प्रसंगी उच्चारले हे कळल्यावाचून अर्थ नीट लागत नाही. म्हणून पंथात ‘प्रकरणवश’ निर्माण झाले. त्यात सूत्रामागचा प्रसंग सांगितलेला असतो. आज्ञावलीतील टिपेचे खरे काम तेच. ‘२६ ने भागा’ हे ओळच सांगते. ‘का’ ते टिपेने सांगावे.

असे कोणी म्हणेल की, टीप असली म्हणजे झाले, पद्धत कोणतीही असो. वस्तुतः तसे नाही. एकाने ‘वेतन’ लिहिले, दुसऱ्याने ‘पगार’, तिसऱ्याने इंग्रजी शब्द वापरला, तर शोधणाऱ्याला तीनदा शोधावे लागते आणि एखादी जागा हमखास निसटते. पायथन भाषेसाठी २००१ साली पेप-८ नावाची नियमावली झाली. तिच्या मते आज्ञेशी विसंगत टीप ही टीप नसण्यापेक्षा वाईट. आज्ञा बदलली की टीप त्याच वेळी बदलावी, हा नियम यातूनच येतो. लिनक्सच्या नियमावलीत अतिटिपांचाही धोका सांगितला आहे.

नियम सर्वांना आवडलेच पाहिजेत असे नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ ची भर पडली. त्यांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत; पण पाठ्यपुस्तके छापणाऱ्यांना एक माप मिळाले.

म्हणून आमचे सांगणे सोपे आहे. काम करणाऱ्या सर्वांनी एकत्र बसावे. टिपांची भाषा कोणती, खूण कोणती, कोणत्या ठिकाणी टीप सक्तीची, एवढे ठरवून ते इतिवृत्तासारखे लिहून ठेवावे. ज्याचे मत पडले त्यानेही ठराव पाळावा. संघटना अशीच चालते. जुना मजकूर एकदम उपसू नये. ज्या भागाला हात लागेल तो नव्या नियमाप्रमाणे करावा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो ठराव वाचावयास द्यावा. पुढे तो २६ च्या आकड्यापाशी आला म्हणजे खोडण्यापूर्वी शेजारची ओळ वाचील, आणि कामगाराचे पैसे जागच्या जागी राहतील.