इंजिनाचं काम निघालं; गाडी ठेवायची की काढायची?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा गॅरेजांसमोर बारा-पंधरा वर्षांच्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या दिसतात. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, गाडी बंद पडली आणि मिस्त्री म्हणाला, "इंजिनाचं काम निघालंय." मग घरात ऐकीव गोष्टींवर निर्णय होतो. धडधाकट गाडी भंगारात जाते, नाहीतर संपलेल्या गाडीवर लाखभर रुपये ओतले जातात.

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज वयाचा: पंधरा वर्षं झाली की गाडी चालवताच येत नाही. ही धास्ती दिल्लीच्या बातम्यांतून आली. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबद्दलचे ते आदेश दिल्ली परिसरापुरते होते. धुळ्याची एमएच १८ असो वा जळगावची एमएच १९, खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि आरटीओची तपासणी, शुल्क व पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० झालं. मुदत जवळ आली असेल तर हा आकडा दुरुस्तीच्या खर्चात धराच.

"गाडी तापली म्हणजे इंजिन गेलं" हा समज त्याहून महागात पडतो. आपल्याकडे इंजिन वयापेक्षा उष्णतेने जास्त मरतं, आणि सुरुवात बहुधा इंजिनाबाहेर होते. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलं की आत क्षार साचतात. पंखा बंद पडतो, पाण्याचा पंप गळतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना काटा वर जातो, तरी "वर पोहोचू" म्हणून गाडी दामटली जाते. तेवढ्यात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि पॅकिंग जळतं. काटा चढताच थांबलात तर काम पंप-पाइपात आटोपतं. पुढे चालवलीत तर हेड खोलावं लागतं. तरीही हेड मशीनवर सपाट करून नवं पॅकिंग बसवणं वेगळं, आणि बोअर, रिंग-पिस्टन, क्रँक, बेअरिंग असं पूर्ण इंजिन बांधणं वेगळं. दोन्ही खर्चांत अनेक पटींचा फरक असतो, म्हणून मिस्त्रीने नेमकं कोणतं काम सांगितलं हे आधी समजून घ्या.

याच उष्णतेपायी "आपल्याकडे थर्मोस्टॅट काढूनच टाकावा" असा सल्ला सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांवर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो अडकला असेल तर बदलावा. काढून टाकल्याने तुंबलेला रेडिएटर मोकळा होत नाही. उलट धुळ्यात थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा इंजिन वेळेत गरम होत नाही; इंधन जास्त जळतं, झीज वाढते.

धुराचंही तसंच. काळा धूर अनेकदा धुळीने चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा इंधन पुरवठ्यातल्या बिघाडाचा असतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सतत पांढरा धूर, कमी होणारं कूलंट आणि दुधाळ ऑइल एकत्र दिसलं तर हेड पॅकिंगचा संशय घ्यावा. खात्री कॉम्प्रेशन टेस्टने होते. प्रत्येक सिलिंडरचा दाब वेगळा मोजला जातो, आणि इंजिन न खोलता.

आता पैशांचं. "गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर विकावी" हा नियम मला पटत नाही. तुलना जुन्या गाडीच्या भावाशी नको, तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या खर्चाशी हवी. समजा दुरुस्तीला ६०,००० लागतात. नव्या गाडीसाठी ९ टक्क्यांनी सहा लाखांचं पाच वर्षांचं कर्ज घेतलं, तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास येतो. म्हणजे दुरुस्ती पाच हप्त्यांत फिटली. मात्र चॅसी, सस्पेन्शन, गिअरबॉक्स धड असेल तरच हा हिशेब लागू. कोकणातल्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो. खानदेशच्या कोरड्या हवेत तो बऱ्याचदा टिकतो, हा आपला फायदा. याआधी गाडीवर किती पैसे घातले, ते या हिशेबात येतच नाही.

सुटे भागही पाहा. मारुतीचे कुठेही मिळतात. शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाडीचा एखादा भाग आठवडेच्या आठवडे अडवून ठेवू शकतो.

जुनं इंजिन स्वस्तात आणून बसवलं की झालं, असंही नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो. बदल आरटीओला कळवून नोंदवावा लागतो, आणि इंजिनाचं बिल नसेल तर ते चोरीच्या गाडीचंही निघू शकतं. विमा झीज आणि बिघाड भरून देत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

गाडी काढायचीच ठरली तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. नोंदणी तुमच्या नावावर राहिली तर त्या गाडीचा गैरवापर तुमच्या दारात येतो. आणि ठेवायची असेल तर इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे व कामाचा अंदाज लेखी मागा; जो मिस्त्री हे द्यायला तयार नाही, त्याला इंजिन खोलू देऊ नका.